परदेशातून मतदारयादीत नाव कसं नोंदवाल?

नोकरी-शिक्षणासाठी परदेशात आहात, पासपोर्ट भारतीय आहे, वय १८ पूर्ण आहे? मग निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर फॉर्म ६ए भरा. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, हा हक्क नाही.

स्वतःचा फोटो, तसंच पासपोर्टची फोटो, भारतातला पत्ता आणि चालू व्हिसा असलेली पानं जोडा. मतदारसंघ पासपोर्टवरच्या पत्त्यावरूनच ठरतो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर यादीचं काम पाहणारा अधिकारी, चौकशीला तिथेच येतो, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा. जुनं मतदार ओळखपत्र परत करावं लागतं. नवं मिळत नाही.

मतदान मात्र केंद्रावर स्वतः जाऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच. टपाली मत नाही, ही या सोयीतली सर्वांत मोठी उणीव. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी आपल्या मतदारसंघाचा टप्पा आणि यादीतलं नाव, दोन्ही तपासा.