स्वस्त घर घेताना या चुका टाळा

गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाल्याचे समोर बसलेल्या नवरा-बायकोला सांगण्याचे काम मी ठाण्यातील एका सहकारी बँकेच्या शाखेत बावीस वर्षे केले. पगार पुरत नाही म्हणून परत गेलेले अर्ज थोडे होते. घराचे कागद पुरत नाहीत म्हणून परत गेलेले कितीतरी अधिक होते. त्यांतील अनेकांनी बँकेत येण्यापूर्वीच टोकन देऊन टाकलेले असे, तेही रोख, आणि पावती म्हणून त्यांच्याजवळ दलालाच्या व्हिजिटिंग कार्डामागे लिहिलेला आकडा असे. निवृत्तीनंतरही नात्यातील आणि ओळखीची माणसे कागदांची पिशवी घेऊन कोपरखैरण्याला माझ्या घरी येतात, आणि चुका त्याच असतात. म्हणून एकदा त्या नीट लिहून काढत आहे.

बाजारभावापेक्षा कमी किमतीला मिळणाऱ्या प्रत्येक घरामागे काहीतरी कारण असते. मजला चौथा आहे आणि लिफ्ट नाही, स्टेशनहून रिक्षा करावी लागते, इमारत जुनी आहे, खोल्या लहान आहेत, वस्ती मिश्र आहे, ही कारणे डोळ्यांना दिसतात आणि त्यांच्याशी जुळवून घेता येते. कागद नसणे हे कारण मात्र घर पाहताना दिसत नाही. मी कोणाबरोबर घर पाहायला जाते तेव्हा वहीच्या पानावर ‘स्वस्त का?’ एवढेच लिहून ठेवते, आणि त्याचे उत्तर कागदावर मिळेपर्यंत पुढची बोलणी करू देत नाही.

नोटरीवर घर घेणे

ही चूक मला सर्वांत अधिक सलते, कारण ती माझ्या माहेरीच घडली. माझा धाकटा मामेभाऊ महापे येथील एका कारखान्यात नोकरीला आहे. २०१४ साली त्याने ट्रान्स-हार्बर मार्गावरील एका गावाच्या हद्दीत नव्या सहा मजली इमारतीत वन बीएचके घेतला आणि मला ते थेट वास्तुशांतीच्या आमंत्रणातूनच कळले. जेवणे झाल्यावर भावजयीने कपाटातून निळी प्लास्टिकची फाइल आणली आणि मोठ्या कौतुकाने माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर, कोपऱ्यात नोटरीचे लाल कागदी सील, खाली निळ्या शाईचा गोल शिक्का. मी शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. दुय्यम निबंधकांचा दस्त क्रमांक कोठेही नव्हता. इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदवल्याचा उतारा, नव्हता. जमिनीचा सर्व्हे नंबर लिहायची जागा कोरी सोडलेली होती. बांधकाम परवानगीचा उल्लेखही नव्हता, मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, कोठून असणार?

“ताई, इथे सगळ्यांनी असंच घेतलंय,” तो म्हणाला. “लाईट बिल माझ्या नावावर आलंय, घरपट्टीही येणार आहे.”

हेच वाक्य मी बँकेच्या टेबलावर वर्षानुवर्षे ऐकले आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते. वीजबिल एवढेच सांगते की त्या जागेत कोणीतरी वीज वापरतो. घरपट्टी महापालिका अनधिकृत बांधकामालाही लावते, किंबहुना कायद्यात त्यासाठी वेगळ्या शास्तीची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतो. घराची मालकी देण्याचा अधिकार त्याला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घराच्या विक्रीचा दस्त नोंदवलाच पाहिजे. केवळ कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकारपत्रावर, झालेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. सिडकोच्या जुन्या घरांचे अनेक व्यवहार अशाच मुखत्यारपत्रांवर हातोहात झालेले आहेत. त्यामुळे विकणारा कितीही सज्जन असला तरी सिडकोच्या दप्तरी नाव कोणाचे आहे, हे आधी पाहावे.

मामेभावाला कोणत्याही बँकेने कर्ज दिले नव्हते, आणि ते त्याने माझ्यापासून लपवले होते. ‘बँकेच्या भानगडीत पडू नका, हप्ता मी बांधून देतो,’ असे बिल्डर म्हणाला तेव्हा त्याला ती सोय वाटली. खरे तर चार बँकांनी नाही म्हटले, हीच त्याला फुकट मिळालेली कायदेशीर तपासणी होती. दोन वर्षांनी इमारतीच्या दारावर महापालिकेची नोटीस चिकटली. इमारत पाडली गेली नाही, पण तेव्हापासून ते घर विकता येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही. मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी भावजयीला दागिने मोडावे लागले. इमारतीची सोसायटी नोंदवलेली नसल्यामुळे वर्गणी मागण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि लिफ्ट बिघडली ती तशीच बंद आहे. सहाव्या मजल्यावरच्या आजी दवाखान्यापुरत्याच खाली उतरतात.

हे एका कुटुंबाचे झाले. नवी मुंबईच्या दिघ्यातील ९९ अनधिकृत इमारतींवर कारवाई करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिले, तेव्हा पै-पै जमवून घरे घेतलेली माणसे रस्त्यावर आली होती. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची लकी कंपाऊंडमधील अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. ज्या इमारतीचा नकाशा कोणी मंजूर केलेला नाही, तिच्या खांबांत लोखंड किती घातले हेही बहुधा कोणी तपासलेले नसते. ‘एवढे लोक राहतात, आपल्यालाच काय होणार?’ असे म्हणणाऱ्या तरुण जोडप्यांना मी हे दोन प्रसंग सांगते. त्यांना घाई असते, भाडे वाचवायचे असते, ते मला समजते. पण महिन्याचे भाडे वाचवण्यासाठी आयुष्याची पुंजी कोऱ्या सर्व्हे नंबरावर लावणे मला मान्य नाही.

महारेराचा क्रमांक पाहून निर्धास्त होणे

नव्या प्रकल्पात जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक असतो. एवढे पाहून लोक थांबतात. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ही नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्या इमारतींतील रहिवाशांनी क्रमांक पाहिलाच होता. म्हणून संकेतस्थळावर चढवलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, त्यावरील क्रमांक आणि तारीख कागदावर लिहावी, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ते प्रमाणपत्र त्यांच्या नोंदीत आहे का, हे स्वतः विचारावे. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला तर करावा. त्यात एक महिना जातो, आणि तो जाऊ द्यावा. ‘आज बुकिंग केले तरच हा भाव,’ असे सांगणाऱ्याकडून मी कोणालाही घर घेऊ देत नाही.

नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

‘आपली माणसे’ शोधणे

आणखी एक मोठी चूक कागदांची नाही, म्हणून ती कोणी चूक मानत नाही. माझ्या मामेभावाने गावातले ते घर घेण्यापूर्वी कोपरखैरण्यातच सिडकोने बांधलेल्या इमारतीतील एक घर पाहिले होते. वरचा मजला, लिफ्ट नाही, भिंतीला थोडी ओल, आणि किंमत चार लाखांनी जास्त. कागद मात्र पहिल्या वाटपपत्रापासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत सलग होते. ते त्याने नाकारले, कारण समोर उत्तर भारतीय कुटुंब, खाली मल्याळी, शेजारी मुसलमान, आणि पोरींना सोबत कोण, अशी त्याला काळजी होती. गावातल्या इमारतीत मात्र निम्मे बिऱ्हाडकरू त्याच्याच तालुक्यातले होते. आपल्या माणसांवर त्याने विश्वास टाकला, आणि त्याला तो बिल्डर दाखवणाराही आपल्यातलाच होता.

मिश्र वस्ती असली की दलाल आवाज खाली आणून सांगतो, जणू घराला गळती आहे. ऐकणारेही मान डोलावतात, आणि त्यामुळे अशा घरांचे भाव थोडे कमी राहतात. कमी किमतीची जी प्रामाणिक कारणे मी वर सांगितली, त्यांत हे मला सर्वांत चांगले वाटते, कारण यात घर घेणाऱ्याचे काहीही बिघडत नाही. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत: साताऱ्याकडची माथाडी कुटुंबे, दोन तमिळ, एक आगरी, एक शीख, तीन मुसलमान आणि बाकी आम्ही. सेक्रेटरी पालक्काडचे आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला ते जिन्याखालच्या फळ्यावर थकबाकीदारांची नावे लिहितात, आणि एकदा मी पेन्शन उशिरा आल्यामुळे राहिले तेव्हा माझेही नाव लिहिले. येथे कोणी कोणाचा पाहुणा नाही, म्हणून कोणाला सवलतही नाही. त्यामुळेच दुरुस्ती निधी भरलेला असतो आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग वेळेवर होते. जेथे सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात तेथे थकबाकी मागायची कोणी, या संकोचात इमारती खचलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून शेजाऱ्यांची आडनावे विचारण्याऐवजी सोसायटीचा मागील वर्षाचा ताळेबंद मागावा. थकबाकी किती, दुरुस्ती निधी किती, टँकरवर खर्च किती, हे तीन आकडे मी आधी पाहते. घोडबंदर रस्त्यावरील काही संकुलांत टँकरचा खर्चच देखभालीचा मोठा भाग खातो, आणि घर दाखवणारा तो आपणहून कधीच सांगत नाही. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवालही मागावा आणि महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का, ते पाहावे. सी-१, म्हणजे अतिधोकादायक वर्गात असेल तर तेथून परत फिरावे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

रविवारी दुपारी घर पाहून ठरवणे. मी सोमवारी सकाळी आठला स्टेशनपासून चालत जाते, आणि जमले तर जुलैत एकदा पावसात जाते. नळ सोडून बादली किती वेळात भरते हेही घड्याळ लावून पाहते.

जाहिरातीतील मेट्रोचे पैसे आज मोजणे. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि गाडी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावली. तळोज्याला मेट्रोच्या भरवशावर घर घेतलेल्यांनी तेवढी वर्षे हप्ता आणि रिक्षाभाडे दोन्ही भरले.

सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रफळावर, भाव ठरवणे. कायद्याने विक्री चटई क्षेत्रावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याच्या जागेवरच, होते. टेप घेऊन जावे आणि स्वतः मोजावे.

रो-हाऊसवर चढवलेल्या विनापरवाना मजल्याचे पैसे देणे. बँक मंजूर नकाशाएवढेच घर धरते, आणि खरेदीदारानेही तेवढेच धरावे.

वरच्या खर्चाचा हिशेब न करणे. घर चाळीस लाखांचे असेल तर बँक साधारण ऐंशी टक्के, म्हणजे ३२ लाख देते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्यात धरत नाही. मुद्रांक शुल्क सुमारे सात टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. आठ लाखांची तयारी करून आलेल्या माणसाला अकरा लाख दहा हजार लागतात, आणि दलाली वेगळी. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असलेले घर ४५ लाखांपर्यंतचे आणि ६० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या आतले असेल तर जीएसटी एक टक्का, नाहीतर पाच टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो लागत नाही.

चूक होऊन गेली असेल तर

टोकन दिले असेल आणि कागदांत खोट निघाली असेल तर लाजेखातर पुढचा हप्ता देऊ नये. गेलेले पन्नास हजार वाचवण्यासाठी पाच लाख घालणारी माणसे मी पाहिली आहेत. व्यवहार का थांबवत आहोत हे लेखी कळवावे, पैसे मागावेत आणि यापुढे एकही रक्कम रोखीने देऊ नये.

जुन्या घराच्या करारांच्या साखळीतील एखादा मूळ करार हरवला असेल, तर तो नोंदवलेला होता का, एवढेच आधी शोधावे. नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते, हरवल्याची तक्रार पोलिसांत नोंदवता येते, आणि बहुतेक वेळा बँक त्यावर समाधान मानते. नोंदवलेलाच नसेल तर वकिलाकडे जावे, आणि तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.

घर रीतसर घेतले, पण सोसायटी तुमचा धर्म, जात किंवा आहार पाहून सदस्यत्व लांबवत असेल, तर तोंडी विनवण्या करत बसू नये. सहकारी संस्था कायद्याप्रमाणे योग्य कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असे मानण्याची तरतूद आहे. त्यासाठी अर्जाची तारीख सिद्ध करता आली पाहिजे. अर्ज दोन प्रतींत करावा, एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्यावी, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्यावा, आणि ते सही देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती त्या प्रतीला टाचून ठेवावी.