मूल काही सांगतं तेव्हा शाळेत होणाऱ्या या चुका टाळा

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडच्या गावांत दिवसभर घरांना कुलपं असतात. आई-बाप वावरात, आणि शाळा सुटल्यावर लेकरं कुणाच्या तरी ओट्यावर. अशा दिवसांत मुलाशी कुणी लैंगिक गैरवर्तन केलं, तर सांगायला जवळचं मोठं माणूस म्हणजे आपण शिक्षकच. म्हणून पहिली चूकही आपल्याच हातून होते.

सगळ्यात मोठी चूक खोदून विचारण्याची. पोरगी म्हणते, "सर, मले त्या काकाच्या घरी नाही जायचं." आपण लगेच, "काऊन? काय केलं त्यानं? हात लावला का?" मग मॅडम विचारतात, मग मुख्याध्यापक. चौथ्या वेळी ती म्हणते, "काही नाही झालं." ती खोटं बोलत नसते, घाबरलेली आणि थकलेली असते. शिवाय "हात लावला का?" असं विचारलं की शब्द आपण तिच्या तोंडी घातले, असं पुढे कोर्टात म्हटलं जातं. एकानेच ऐकावं. "मग?" एवढं पुरतं. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही," हे मात्र नक्की म्हणावं. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नये, ते पाळता येणार नसतं. ती वर्गात गेली की तारीख-वेळ टाकून तिचेच शब्द लिहून ठेवा. ती "गुदगुल्या केल्या" म्हणाली असेल, तर तेच लिहा. आपली शुद्ध भाषा त्यात नको.

दुसरी चूक गावातच मिटवण्याची. ऑफिसात सरपंच येतात, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष येतात, चहा होतो आणि "पोरीचं नाव खराब होईल सर, जाऊ द्या" यावर सगळे उठतात. असं मिटवण्याचा अधिकार कुणालाच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खात्री करणं हे तपासाचं काम, आपलं नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, जरूर कळवा, पण त्यांच्या उत्तरासाठी थांबू नका. 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन मदत) वर फोन करता येतो.

आई-बाप घाबरतात ते पोलीस ठाण्याला. त्यांना सांगा, मुलाचा जबाब घरीच किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि त्या वर्दीत नसतात. संशय घरातल्याच माणसावर असेल, तर मात्र आधी घरी निरोप धाडू नका.

"कपड्यावरूनच हात लावला ना!" हे अजूनही ऐकू येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्वचेचा थेट स्पर्श नसल्याने पॉक्सोखालची शिक्षा रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो निकाल फिरवला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, कपड्याला नाही.

तक्रारपेटी मुलांच्या हाताला पोचेल अशी लावा. पण पहिलीतलं पोर चिठ्ठी काय लिहिणार? मेळघाटात तर ते कोरकू बोलत शाळेत येतं. त्याच्या भाषेतलं एखादं माणूस, अंगणवाडी ताई असोत की खिचडी शिजवणाऱ्या मावशी, आधीच ठरवून ठेवा.

शेवटची चूक माझी स्वतःची. तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गातच कपडे ओले करायची. आम्ही रागवायचो, "सुट्टीत काऊन गेली नाहीस वं?" ती खाली पाहायची. तीन आठवड्यांनी मावशींना तिने सांगितलं, मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती आणि मोठी पोरं दार ढकलायची. कडी बसवायला अर्धा तास लागला. त्या पोरांच्या पालकांना त्याच दिवशी बोलावलं. तिची माफी मी वर्गासमोर मागितली, कारण रागावलोही वर्गासमोरच होतो.