पेन्शनचं खातं फोनपासून लांब ठेवा

आई-बाबांच्या फोनमधलं यूपीआय पेन्शनच्या किंवा ठेवींच्या खात्याला जोडलेलं असेल, तर ते आधी काढा. एक वेगळं बचत खातं उघडा, त्यात दरमहा दूध, भाजी, औषधांपुरते पाच-सात हजार टाका आणि फोनला तेवढंच जोडा. उद्या कुणी गोड बोलून पिन टाकायला लावलाच, तरी फटका तेवढ्यावर थांबतो. मोठ्या खात्याच्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, नेटबँकिंग नसलं तरी अडत नाही. एसएमएस मात्र सुरू हवेत.

हे सगळं त्यांना शेजारी बसवून, विचारून करा. 'तुम्हाला यातलं कळत नाही' हे वाक्य एकदा तोंडून गेलं, की पुढे फसले तरी ते लाजेपोटी लपवतात. पैसे परत मिळण्याची वेळ नेमकी त्या लपवण्यातच निघून जाते.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही नाही. हयातीच्या दाखल्यासाठी फोनवर कुणालाही ओटीपी सांगायचा नाही (नोव्हेंबर आला की असले फोन येतात). आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं: पैसे गेले तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, मग बँकेला. मुलांना नंतर सांगितलं तरी चालेल, रागावणार नाही.