सव्वा महिन्याची तयारी आठव्या महिन्यातच करा

आठवा लागला की बाळाची झबली-दुपटी धुऊन त्यांच्या घड्या होतात. त्याच आठवड्यात बाळंतिणीची पिशवीही भरायला घ्या. पुढून उघडणारे सैल सुती गाऊन चार-पाच हवेत, दुधाने दिवसातून दोनदा तरी भिजतात. मोठे पॅड भरपूर आणा. अंगावरून जाणं सुरुवातीला लाल, मग फिकट होत चार ते सहा आठवडे चालतं. सिझर झालंच तर खोकताना पोटाशी घट्ट धरायला एक छोटी उशी.

डिंक, खारीक, सुकं खोबरं, अळीव आणून निवडून ठेवा, पण लाडू तारखेच्या तोंडावर वळा, म्हणजे खवट होत नाहीत. डिंक तुपात थोडा थोडा, मंद आचेवर तळायचा. आत कच्चा राहिला की दातांना चिकटतो. मात्र नुसत्या लाडवांवर अंग भरून येत नाही. मुगाची आमटी, शेपू, बाजरीची भाकरी, फळं, चालत असतील तर अंडी, हे रोजच्या ताटात हवं.

आणि पाणी. माझ्या पहिल्या वेळी ‘पोट सुटेल’ म्हणून मला दिवसाला मोजून चार भांडी पाणी मिळायचं. पाचव्या दिवशी शौचाला बसले तेव्हा टाक्यांनी जे रडवलं ते अजून आठवतं. दुसऱ्या खेपेला आईने उशाशी तांब्या-भांडं झाकून ठेवलं. बाळाला पाजायला घेतलं की आधी एक भांडं मी प्यायचे. एवढ्याने केवढा फरक पडला! घरातल्या मोठ्यांशी हे आधीच बोलून ठेवा, बाळंतिणीला त्या अवस्थेत वाद घालायला लावू नका.

शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, त्या विषारी वायूचा वास येत नाही. मालीशवाल्या बाईंना सिझरच्या टाक्यांवर तेल लावू नका असं स्पष्ट सांगा. पोटपट्टा डॉक्टरांना विचारूनच.

फाइलमध्ये रक्तगट वर दिसेल असा ठेवा. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून आईला देतात ते) इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत लागतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू राहतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. कॅलेंडरवर खुणा करा आणि शंका लिहून ठेवा.

एक कागद भिंतीला चिकटवाच. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, घाण वास, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधुक होणं, झटके, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन. बाळंतपणानंतरही रक्तदाब चढतो, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुधा ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, झोपच लागत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही त्याच कागदावर लिहा. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असा विचार डोकावला तर एक दिवसही थांबायचं नाही, आणि तिला एकटीला सोडायचं नाही.

शेवटी रात्रीची पाळी ठरवा. पाजणं आईचं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं बाबांचं किंवा आजीचं. दुपारी भेटायला आलेल्यांना चहा द्या, बाळ दाखवा, पण बाळंतीण झोपली असेल तर तिच्या खोलीचं दार उघडू नका.