दोन पक्षांचा एक पक्ष करायचा असेल तर

माझं पक्षाचं कार्ड दोनदा बदललं. पहिल्यांदा २००३ च्या डिसेंबरात. तेव्हा मी ओंटारिओत प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एका मतदारसंघ समितीची चिटणीस होते. दुसऱ्यांदा २०१७ च्या जुलैत, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत, तिथल्या समितीचे हिशेब बघत असताना. दोन्ही वेळा समोरच्या पक्षाशी आम्ही वर्षानुवर्षं भांडलो होतो आणि दोन्ही वेळा एका संध्याकाळीत त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची वेळ आली. हल्ली आपली बरीच मराठी मुलं कॅनडात मतदारसंघ समित्यांवर काम करतात. त्यांच्यापैकी दोघांनी विचारलं, असं विलीनीकरण नेमकं करतात कसं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी मतदारसंघनिहाय निकाल घेऊन बसा. देशभराची टक्केवारी बाजूला ठेवा, ती फसवते. इथेही भारतासारखंच आहे, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो. त्यामुळे दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ हे इथे अक्षरशः घडतं. १९९३ मध्ये सत्तेवरचा आमचा पक्ष संसदेत २ जागांवर आला. प्रेस्टन मॅनिंग यांच्या, आमच्यासारख्याच उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाने ५२ जागा मिळवल्या, आणि लिबरल १७७ वर गेले. २००० साली रिफॉर्मचं रूपांतर कॅनेडियन अलायन्समध्ये झालेलं होतं. त्यांना ६६ जागा, आम्हाला १२. ओंटारिओतल्या १०३ जागांपैकी १०० लिबरलांकडे. आमच्या मतदारसंघातले आकडे मी वहीत मांडले तेव्हा आमची आणि अलायन्सची मतं मिळून विजयी उमेदवाराच्या अगदी जवळ जात होती. ती वही मी समितीत फिरवली. भाषणापेक्षा तिचा परिणाम जास्त झाला.

पण त्या बेरजेवर विसंबू नका. २००० मध्ये दोन्ही पक्षांची मिळून जवळजवळ ३८ टक्के मतं होती. एकत्र झाल्यावर २००४ मध्ये नव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मिळाली २९.६ टक्के. आमच्याकडचे मवाळ लोक, विशेषतः ओंटारिओ आणि अटलांटिक प्रांतांतले, सगळे आले नाहीत. माजी पंतप्रधान जो क्लार्क आले नाहीत, स्कॉट ब्रायसन तर लिबरलांमध्ये गेले. याउलट अल्बर्टात २०१५ साली प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि वाइल्डरोझ या दोन प्रांतिक पक्षांची बेरीज ५२ टक्के होती आणि २०१९ मध्ये एकत्रित युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ५५ च्या आसपास मिळाली. माझ्या मते यात मुख्य फरक वेळेचा होता. २००३-०४ मध्ये विलीनीकरणापासून निवडणुकीपर्यंत सात महिनेही मिळाले नाहीत, अल्बर्टात एकवीस मिळाले. माणसाला नवं नाव सांगताना जीभ अडखळू नये इतका वेळ द्यावा लागतो. ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांतात २०२४ मध्ये बीसी युनायटेड आणि बीसी कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन पक्षांची बोलणी मे महिन्यातच फिसकटली. शेवटी २८ ऑगस्टला बीसी युनायटेडने प्रचार थांबवून मैदान बीसी कॉन्झर्व्हेटिव्हना सोडलं, मतदान १९ ऑक्टोबरला. मावळत्या आमदारांतले काही जण मग अपक्ष उभे राहिले. याला विलीनीकरण म्हणत नाहीत, ही ऐनवेळची माघार झाली.

दुसरी गोष्ट: वरून जोडू नका. अल्बर्टात डिसेंबर २०१४ मध्ये वाइल्डरोझच्या नेत्या डॅनिएल स्मिथ स्वतःसह नऊ आमदार घेऊन सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये गेल्या. सदस्यांना कुणी विचारलं नव्हतं. मार्चमध्ये त्या स्वतःच्याच मतदारसंघात उमेदवारी हरल्या, मे २०१५ मध्ये वाइल्डरोझ २१ जागा घेऊन विरोधी बाकांवर तसाच उभा, आणि ४४ वर्षं सत्तेत असलेला पक्ष १० जागांवर. सरकार डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचं (एनडीपी) आलं. आमदार गेले म्हणून पक्ष जात नाही. पुढे माजी केंद्रीय मंत्री जेसन केनी यांनी हे ओळखलं होतं. निळा डॉज रॅम पिकअप घेऊन ते प्रांतातल्या ८७ मतदारसंघांत हिंडले, उघडपणे ‘मला हा पक्ष वाइल्डरोझबरोबर एक करायचा आहे’ म्हणूनच प्रांतातल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हच्या नेतेपदाला उभे राहिले आणि मार्च २०१७ मध्ये निवडून आले. जनादेश आधी, बोलणी नंतर. आमच्या केंद्रीय पक्षाचे पीटर मकाय यांच्या बाबतीत हे उलटं झालं. मे २००३ मध्ये नेतेपद मिळवण्यासाठी त्यांनी प्रतिस्पर्धी उमेदवार डेव्हिड ऑर्चर्ड यांना अलायन्सशी विलीनीकरण करणार नाही असं लिहून दिलं आणि ऑक्टोबरमध्ये अलायन्सचे नेते स्टीफन हार्पर यांच्याशी करारावर सही केली. विलीनीकरण मला हवंच होतं, तरी त्या कागदाबद्दल सदस्यांना उत्तर देताना माझ्याकडे शब्द नव्हते. उद्या मोडावा लागेल असा शब्द आज कुणालाही देऊ नका, लेखी तर नाहीच.

बोलणी करायला नेते पाठवू नका. २००३ मध्ये दोन्ही बाजूंनी तीन-तीन दूत होते. आमच्याकडून डॉन माझनकौस्की, ओंटारिओचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) बिल डेव्हिस आणि लॉयोला हर्न. अलायन्सकडून रे स्पीकर, स्कॉट रीड आणि जेरी सेंट जर्मेन. माझनकौस्की आणि डेव्हिस यांना पुढे काही मिळवायचं नव्हतं, त्यामुळे ते सोडू शकत होते. अशी माणसं शोधा.

आता सर्वात महत्त्वाचं, आणि इथे घाई करू नका. नाव, झेंडा, धोरण यावर लोक तावातावाने बोलतात, पण घोडं अडतं ते मतं मोजायच्या पद्धतीवर. नव्या पक्षाचा नेता निवडताना एक सदस्य एक मत, असं अलायन्सचं म्हणणं. ऐकायला अगदी रास्त. पण त्यांचे सदस्य पश्चिमेत प्रचंड होते, आमचे सगळीकडे विरळ. तसं झालं असतं तर अल्बर्टानेच नेता ठरवला असता आणि क्युबेकच्या सदस्याने मत टाकलं काय, न टाकलं काय, सारखंच. आमच्या बाजूने धरून ठेवलेली पद्धत अशी: प्रत्येक मतदारसंघाला १०० गुण. तिथे पन्नास सदस्य असोत की दोन हजार, तिथल्या मतांच्या प्रमाणात ते १०० गुण उमेदवारांत वाटायचे. हार्पर यांनी अखेर हे मान्य केलं, आणि माझ्या मते विलीनीकरण त्या दिवशी झालं, बाकी सगळी लिखापढी. गंमत अशी की मार्च २००४ मध्ये याच पद्धतीने ३०८ मतदारसंघांत ते ५६ टक्के गुण घेऊन पहिल्याच फेरीत जिंकले. २००५ च्या मॉन्ट्रियल अधिवेशनात ही पद्धत बदलायचा प्रयत्न झाला, मोठा वाद पेटला, पद्धत टिकली. म्हणून सांगते, लहान पक्षाला कशाची भीती वाटते ते आधी विचारा आणि त्या भीतीवरचं उत्तर नियमात लिहा, भाषणात नको.

धोरणाचा मसुदा मात्र लहान ठेवा. करारात मूलभूत तत्त्वं होती, दोन्ही अधिकृत भाषांचा मान त्यात होता, तपशील पुढच्या अधिवेशनावर सोडला होता. ते शहाणपणाचं होतं.

मग मतदान. अलायन्सच्या सदस्यांनी ५ डिसेंबरला ९५.९ टक्क्यांनी होकार दिला, आमच्या प्रतिनिधींनी ६ तारखेला ९०.४ टक्क्यांनी. अल्बर्टात वाइल्डरोझला ७५ टक्के लागणार होते, दोन्हीकडे ९५ टक्के पडले. एवढा कौल आपोआप येत नाही. आमच्या मतदारसंघात प्रतिनिधी निवडायची सभा एका चर्चच्या तळघरात झाली. पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसले होते, कोटाच्या खिशात जुनी कार्डं रबर लावून ठेवलेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “नावातला ‘प्रोग्रेसिव्ह’ राहणार का?” अध्यक्ष गोलगोल बोलायला लागले. मी उठून सांगितलं, “नाही, जाणार आहे.” ते म्हणाले, “खरं सांगितलंत, बरं झालं. मी विरोधात मत देणार.” त्यांनी दिलं, आणि नंतर सदस्यत्वही घेतलं नाही. पण त्यांच्या मागच्या रांगेतल्या तिघी-चौघी, ज्या काठावर होत्या, त्या आल्या. जे गमावणार आहोत ते स्पष्ट सांगितलं की उरलेल्या गोष्टींवर लोक विश्वास ठेवतात.

कायदा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका. केंद्राच्या निवडणूक कायद्यात विलीनीकरणाची सोय आहे. दोन्ही नेत्यांच्या सहीचा अर्ज आणि दोन्ही पक्षांचे ठराव मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचे. निवडणुकीचा आदेश निघण्याआधीच्या ३० दिवसांपासून मतदानापर्यंत हे करता येत नाही. नव्या पक्षाकडे जुन्यांची मालमत्ता येते, तसं कर्जही येतं, म्हणून सही करण्याआधी ताळेबंद मागा. आमची नोंदणी ७ डिसेंबरला, रविवारी झाली. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं, पण पक्ष टिकला. अल्बर्टात असं काहीच नव्हतं. प्रांताचा कायदा विलीनीकरण ओळखत नव्हता, म्हणून नवा पक्ष काढावा लागला आणि जुन्याचे पैसे नव्यात घालता येईनात. माझ्या हातात चेकबुक होतं आणि त्यातून नव्या पक्षासाठी एक कॉफीसुद्धा घेता येत नव्हती. खजिनदाराने हे पहिल्या सभेतच सांगावं, नाहीतर लोकांना वाटतं पैसे कुणीतरी अडवून ठेवलेत.

नेत्यांची सही झाल्यावर तुमचं काम सुरू होतं. दोन सदस्य याद्या एकत्र करा, आणि ते कॉम्प्युटरवर सोडू नका. आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही छापील याद्या ठेवल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अलायन्सच्या समितीची चिटणीस. ती नाव वाचायची, मी रेघ मारायची. काही माणसं दोन्ही याद्यांत निघाली, काही पत्ता बदलून गेलेली. दुसऱ्या रात्री तिने तिच्याकडच्या चिडलेल्या लोकांची नावं आपणहून सांगितली, मग मी माझ्याकडची. त्यांना फोन कुणी करायचा ते आम्ही ठरवलं: तिच्या लोकांना मी आणि माझ्या लोकांना ती, असं नाही, तर आपापल्या लोकांना ज्याचं त्यानेच. परक्या आवाजाला लोक फोन ठेवतात.

समितीत अध्यक्ष एका बाजूचा असेल तर खजिनदार दुसऱ्या बाजूचा घ्या. उमेदवारीच्या तारखा लवकर जाहीर करा आणि दोन्हीकडच्यांना उभं राहू द्या. हरलेल्या इच्छुकाला दुसऱ्याच दिवशी भेटा.

आणि पहिलं एकत्र काम हाताचं ठेवा. २००४ च्या मे महिन्यात निवडणूक लागली तेव्हा माझ्या गॅरेजमध्ये दोन्ही पक्षांच्या फलकांच्या लाकडी खुंट्या पडून होत्या, त्यांच्या लांब, आमच्या आखूड. शनिवारी सकाळी दोन्हीकडची बाराएक माणसं आली. लांब खुंट्या हमरस्त्याला, आखूड घरांच्या अंगणात, असं त्यांनीच आपसात ठरवलं, आणि दुपारपर्यंत निळे फलक स्टेपल करून गाड्यांत भरले.