पणजीच्या फोंताईन्हासमध्ये फिरताना या चुका टाळा

फोंताईन्हास या पणजीतल्या जुन्या, रंगीत घरांच्या वस्तीबद्दल सर्वांत जास्त तक्रारी तिथे राहणाऱ्यांच्याच असतात, आणि त्या अगदी रास्त आहेत. पिवळ्या-निळ्या भिंतीपुढे फोटो हवा म्हणून लोक कुणाच्याही पायरीवर ठाण मांडतात, कुंड्या सरकवतात, खिडकीतून आत डोकावतात. आत कुणाची आजारी आई झोपलेली असू शकते! काही घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या त्या यामुळेच. पाटी दिसली की मोबाईल खिशात. नसेल तर दारात उभ्या माणसाला आधी विचारा. प्री-वेडिंगचं लटांबर मात्र इथे आणूच नका.

दुसरी चूक वेळेची. जुन्या गोव्यातली चर्च पाहून परतताना भर दुपारी इथे अर्धा तास काढायचा, असा बऱ्याच जणांचा बेत असतो. त्या वेळी ऊन डोक्यावर असतं आणि बरीच दुकानं जेवण-झोपेसाठी बंद. सकाळी लवकर या. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो, गल्ल्या मोकळ्या असतात.

गाडी आत घालू नका. रस्ते अरुंद आहेत, वळवायला जागा नाही. खाडीपलीकडच्या पाटो भागात गाडी लावून पूल ओलांडला की पोहोचलातच.

नुसते रंग पाहून परतू नका, खिडक्या जवळून बघा. काही जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. त्यांतून मऊ उजेड आत येतो, ऊन टोचत नाही. भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. पावसाळ्यात शेवाळ धरलेलं, रंग उतरलेला दिसला तर घराची हेळसांड झाली असं समजू नका. इथला पाऊसच तसा आहे. रंगकाम तो सरल्यावर निघतं.

सेंट सेबॅस्टियन चॅपेलवरून लोक सरळ पुढे निघून जातात. दार उघडं असेल तर आतला क्रूस जरूर पाहा. तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. एरवी क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे मिटलेले असतात, इथे ते उघडे आहेत. हे धर्मन्यायालय 1812 मध्ये कायमचं बंद झालं.

आणि इथे फक्त पोर्तुगीज गोवा शोधू नका. शेजारच्या मळा या भागाकडे चालत गेलात की ज्या झऱ्यावरून या वस्तीला नाव पडलं तो लागतो, आणि वर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ. पायऱ्या चढून गेलात तर कौलांची अख्खी वस्ती खाली दिसते.