बाहेरून आलेला पैसा गावात किती फिरतो, ते कसं मोजावं

कामासाठी बाहेर गेलेल्यांनी किती पैसे पाठवले, एवढ्यावर थांबलात तर गावावरचा परिणाम कळत नाही. तो पैसा गावाबाहेर जाण्याआधी किती हातांतून फिरला, ते पाहावं लागतं.

पाहणीसाठी पैसे येणारी घरं आणि न येणारी घरं, दोन्ही निवडा. दुसरी वगळलीत तर तुलना कशाशी करणार? गेल्या १२ महिन्यांची रक्कम महिनावार विचारा. वर्षाची एकदम विचारली की गोल आकडा मिळतो. सुट्टीत येताना आणलेली रोकड आणि वस्तू यांची नोंद वेगळी घ्या, त्या हमखास राहून जातात. रक्कम धरायची ती घरी हातात पडलेली. परदेशातून पाठवताना शुल्क कापलं जातं, शिवाय विनिमय दरातही कात्री लागते. (हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे.)

'पाठवलेले पैसे कशावर खर्च केले?' हा प्रश्न मात्र टाळा. उत्तर मिळतं 'मुलांच्या फीवर', पण त्यामुळे वाचलेल्या घरच्या मजुरीतून मोबाइल आलेला असतो. म्हणून घराचा सगळाच खर्च लिहा: किराणा ७ दिवसांचा, वीजबिल-भाडं ३० दिवसांचं, बांधकाम आणि औषधपाणी १२ महिन्यांचं. कर्जफेडही विचारा. जाण्यासाठी कर्ज काढलं असेल तर सुरुवातीची कमाई त्यातच जाते आणि गावाला वाटतं, काहीच आलं नाही.

मग गळती, म्हणजे किती पैसा गावाबाहेर जातो, ते मोजा. घर बांधताना गवंड्याची मजुरी गावात राहते, सिमेंट-लोखंडाचे पैसे बाहेर जातात. दुकानदाराला विचारा, १०० च्या विक्रीतले घाऊक व्यापाऱ्याला किती जातात. प्रत्येक फेरीत १०० पैकी ४० गावात राहत असतील, तर ४० अधिक १६ अधिक ६.४ असं करत एकूण उलाढाल सुमारे ६७ होते. ६० राहिले तर तीच १५०. गावात विकण्याजोगं काही नसेल, तर कितीही पैसा येवो, तो शेजारच्या बाजारपेठेलाच पोसतो.

उलाढाल म्हणजे निव्वळ फायदा नव्हे. माणूस गावात राहिला असता तर जे कमावलं असतं, ते आलेल्या रकमेतून वजा करा. जमिनीचे भाव आणि मजुरीचे दर जाण्याआधीचे व आत्ताचे टिपा. भाव चढले की पैसे न येणाऱ्या घरांना जमीन घेणं अवघड होतं. पुढची पाहणी त्याच हंगामात करा, नाहीतर सुगीची तेजी पाठवलेल्या पैशाच्या खात्यावर जमा होईल.